तातडीचा पंप महिन्यात संपतो तेव्हा

ग्वाल्हेरात नोव्हेंबर लागला की पहाटेचा गारठा, शेकोट्यांचा धूर आणि रस्त्यावरची धूळ एकाच वेळी छातीत जाते आणि कपाटात पडलेले दम्याचे पंप, म्हणजे इन्हेलर, बाहेर निघतात. बऱ्याच घरांत ते दोन असतात, कधी तीन. कोणता कशासाठी हे मात्र फक्त दम लागणाऱ्या माणसालाच ठाऊक असतं, आणि नेमका तोच रात्री दोन वाजता बोलू शकत नसतो. म्हणून पहिलं काम हे करा. पंपावरचं औषधाचं नाव वाचा आणि बाहेरच्या प्लास्टिकवर मार्करने ठळक अक्षरांत 'तातडी' किंवा 'रोज' असं लिहून ठेवा. रंगावर विसंबू नका. निळा म्हणजे तातडीचा हा संकेत इंग्लंडात रुळलेला आहे. आपल्या बाजारात कंपनी बदलली की रंगही बदलतो.

तातडीचं औषध म्हणजे साल्ब्युटामॉल, आपल्याकडचं अस्थालिन, किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल, म्हणजे लेव्होलिन. श्वासनलिकांभोवती स्नायूंचे पट्टे असतात. दम्यात ते आवळले जातात आणि हे औषध त्यांना सैल करतं. पाचेक मिनिटांत फरक जाणवतो आणि ४ ते ६ तास टिकतो. नलिकेच्या आतल्या अस्तराला आलेली सूज आणि चिकट कफ मात्र तसाच राहतो. सूज उतरवायचं काम स्टेरॉइडच्या पंपाचं. त्याचा परिणाम दिसायला काही दिवस, पुरता दिसायला काही आठवडे लागतात, आणि लगेच काही जाणवत नाही म्हणूनच लोक तो सोडून देतात. मग आत सूज वाढत राहते आणि वरून तातडीचा पंप मारून दिवस ढकलले जातात. दम्यात माणूस दगावतो तो बहुतेक वेळा या वाटेनं.

त्यामुळे दम्याचं औषध सुरक्षित घेण्याची निम्मी गोष्ट मोजण्यात आहे. साल्ब्युटामॉलच्या साध्या पंपात २०० पफ, म्हणजे फवारे, असतात, एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम. दमा आटोक्यात असलेल्या माणसाला आठवड्यात दोन दिवसांहून जास्त त्याची गरज पडू नये. दोन दिवस, दोन-दोन पफ, असे आठवड्याला चार धरले तर एक पंप जवळपास वर्षभर पुरतो. तोच पंप महिन्यात संपला तर रोजचे सहा-सात पफ झाले. वर्षाला असे तीन किंवा जास्त पंप लागणाऱ्यांना जोराचे अटॅक येण्याचा धोका वाढतो आणि १२ किंवा जास्त लागणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोकाही वाढलेला दिसतो. नवा पंप उघडला की त्यावर तारीख घाला. पुढचा घ्यायला कुणाला दुकानात पाठवाल तेव्हा आधी ती तारीख बघा. काही पंपांच्या मागे उरलेल्या पफचा आकडा दाखवणारी खिडकी असते, असाच पंप मागून घ्या. आकडा नसेल तर हलवून अंदाज करू नका, कारण औषध संपल्यावरही आत उरलेला वायू फवारा मारत राहतो. धातूची डबी पाण्यात तरंगते का हे बघायची जुनी युक्तीही सोडा. तिनं काही कळत नाही, उलट झडपेत पाणी शिरतं.

हा धडा जगानं महागात घेतला आहे. १९६० च्या दशकात आयसोप्रेनालिन नावाच्या जुन्या औषधाचे तीव्र मात्रेचे पंप इंग्लंडसह काही देशांत सर्रास विकले गेले आणि तिथे दम्यानं मरणाऱ्यांची संख्या चढली. साल्ब्युटामॉल १९६९ साली बाजारात आलं. ते हृदयाच्या दृष्टीनं पुष्कळ सौम्य आहे, पण एकट्या आराम देणाऱ्या पंपावर भिस्त ठेवण्याचा धोका त्यानं मिटला नाही. म्हणूनच २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना मोठ्यांना आणि किशोरांना एकटं साल्ब्युटामॉल देऊ नका असं सांगतात. सोबत स्टेरॉइडचा पंप हवाच.

आता दुसरी नावं. ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप, म्हणजे फोराकॉर्टसारखा, हा थोडा वेगळा आहे. त्यातलं फॉर्मोटेरॉल काही मिनिटांतच काम सुरू करतं आणि १२ तास टिकतं. त्यामुळे डॉक्टरांनी तसं लिहून दिलं असेल तर तोच पंप रोजचाही आणि तातडीचाही होऊ शकतो, आणि दर वेळी आरामाबरोबर थोडं स्टेरॉइडही आपोआप जातं. आमच्या मते मोठ्या माणसांसाठी ही सगळ्यांत समजूतदार सोय आहे. फॉर्मोटेरॉल ६ मायक्रोग्रॅमच्या पंपाची मोठ्यांसाठी कमाल दिवसाला एकूण १२ पफ, पण तिथवर पोचायची वेळ आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. सेरोफ्लो या दुसऱ्या जोडपंपातलं साल्मेटेरॉल मात्र सावकाश चढतं. जोडऔषध म्हणून दोन्ही सारखीच वाटतात, म्हणून अटॅकमध्ये सेरोफ्लोचे पफ मारत बसणारे पुष्कळ आहेत. तो फक्त रोजचा, ठरल्या वेळेचा. आणि साल्मेटेरॉल किंवा फॉर्मोटेरॉल दम्यात कधीही स्टेरॉइडशिवाय एकटं घ्यायचं नाही. एकट्या साल्मेटेरॉलची भर घातल्यावर दम्याचे मृत्यू वाढल्याचं अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. ती २००६ साली प्रसिद्ध झाली.

बिडी-सिगारेटनं किंवा वर्षानुवर्षं चुलीच्या धुरानं फुप्फुसं खराब झालेल्यांचा आजार वेगळा. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. तिथे नलिका रुंद करणारी दीर्घ परिणामाची औषधं हाच मुख्य उपचार, जसं दिवसातून एकदा घ्यायचं टिओट्रोपियम. ते घेणाऱ्या आजोबांना लघवी अडायला लागली किंवा डोळा लाल होऊन दुखायला लागला तर औषधाचाच संशय घ्या आणि डॉक्टरांना सांगा.

नाव बरोबर असूनही औषध फुप्फुसात पोचेलच असं नाही. नीट मारलेल्या पफमधलाही साधारण दहावा ते पाचवा हिस्साच आत जातो; बाकीचं घशात चिकटतं. चुकीचा मारला तर जवळजवळ काहीच जात नाही आणि 'पंप लागू पडत नाही' असं म्हणत गोळ्या सुरू होतात.

तर नीट रीत अशी. टोपी काढा आणि तोंडाच्या भागात आत काही अडकलं नाही ना ते बघा. पिशवीत टोपीशिवाय ठेवलेल्या पंपात नाणं किंवा बडीशेप जाऊन बसते आणि पफबरोबर थेट श्वासनलिकेत उडते. पंप चार-पाचदा जोरात हलवा. आतलं औषध द्रवात तरंगत असतं, न हलवता मारलं तर मात्रा कमी-जास्त होते. नवा असेल किंवा दोन आठवडे वापरला नसेल तर आधी हवेत दोन ते चार फवारे मारा, नेमके किती ते आतल्या कागदावर दिलेलं असतं. ताठ बसा. सावकाश पूर्ण श्वास बाहेर सोडा, पण पंपात नव्हे. पंपाचं तोंड दातांमध्ये धरून त्याभोवती ओठ घट्ट मिटा, तोंडानं हळू श्वास घ्यायला सुरुवात करा आणि सुरुवात झाल्याबरोबर एकदाच दाबा. श्वास ३ ते ५ सेकंद संथ आत घेत राहा. दहापर्यंत आकडे मोजत रोखून धरा. दुसरा पफ अर्ध्या ते एका मिनिटानं, पुन्हा हलवून. सगळ्यांत जास्त चूक होते ती आधी दाबून मग श्वास घेण्याची. तोंडातून किंवा नाकातून पांढरी वाफ बाहेर येताना दिसली तर तो पफ वाया गेला म्हणून समजा.

हात आणि श्वास यांचा मेळ ज्यांना जमत नाही, म्हणजे खरं तर बहुतेकांना, त्यांच्यासाठी स्पेसर आहे. प्लास्टिकच्या या नळकांड्यात पफ मारायचा आणि त्यातून श्वास घ्यायचा. एकदम श्वास रोखता येत नसेल तर तोंड न काढता पाच-सहा साधे श्वास घेतले तरी चालतात. एका वेळी एकच पफ. दोन-तीन एकदम मारले तर थेंब एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात आणि हाती कमीच येतं. पाच वर्षांखालच्या मुलाला मास्कचा स्पेसर. मास्क नाका-तोंडावर घट्ट बसायला हवा, बाजूनं फट राहिली की औषध गेलं. मूल रडत असताना दिलं तर आत फार थोडं जातं, म्हणून मांडीवर घेऊन शांत झाल्यावर द्या. नवा स्पेसर घासून पुसून वापरायला काढू नका. कोरड्या फडक्यानं घासला की प्लास्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध भिंतीवर खेचलं जातं. भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवा, बाहेर काढा आणि उभा ठेवून हवेवर वाळू द्या. पुढे महिन्यातून एकदा हेच.

पंपाचं बाहेरचं प्लास्टिक आठवड्याला धुवायचं. आधी धातूची डबी काढून ठेवायची, ती पाण्यात घालायची नाही. प्लास्टिक वाहत्या कोमट पाण्याखाली अर्धा मिनिट धरा, रात्रभर सुकवा. छिद्राशी पांढरा थर साचला की फवारा अर्धा होतो. तो थर टाचणीनं खरवडू नका, छिद्र मोठं होतं.

स्टेरॉइड असलेल्या कुठल्याही पंपानंतर चूळ भरून थुंका. न भरल्यास तोंडात पांढरे चट्टे येतात, आवाज बसतो.

रोटाहेलर म्हणजे कॅप्सूलमधली भुकटी ओढायचं यंत्र. त्याची रीत फवाऱ्याच्या पंपाच्या बरोबर उलटी. त्यात फवारा नाही, भुकटी तुमच्या श्वासाच्या जोरानंच वर उडते, म्हणून श्वास सुरुवातीपासूनच जोरात आणि खोल घ्यावा लागतो. कॅप्सूल उघडली का बघा, श्वास घेतल्यावर तळाशी भुकटी राहिली असेल तर पुन्हा एकदा ओढा. यंत्रात फुंकर मारू नका. ओलाव्यानं भुकटीचे गोळे होतात. पावसाळ्यात कॅप्सूल ऐन वेळी, कोरड्या हातानंच बाटलीतून काढा. आणि या कॅप्सूल गिळायच्या नसतात. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गोळ्यांच्या डब्यात या कॅप्सूल टाकून ठेवल्या की त्या बाकीच्या गोळ्यांबरोबर पाण्यानं घेतल्या जातात. वेगळ्या ठेवा. अंगात जोराची धाप असताना एवढा श्वास ओढता येत नाही, त्यामुळे रोटाहेलर वापरणाऱ्यांनीही तातडीसाठी फवाऱ्याचा पंप आणि स्पेसर घरात ठेवावा.

'पंप म्हणजे मोठं औषध, त्यापेक्षा गोळी बरी' हा समज आपल्याकडे फार खोल आहे, म्हणून आकडेच बघू. साल्ब्युटामॉलची ४ मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे १०० मायक्रोग्रॅमचे ४० पफ. मुलांच्या २ मिलिग्रॅमच्या एका चमचा सिरपात २० पफ. आणि हे सगळं पोटातून रक्तात जाऊन मग फुप्फुसात पोचणार, म्हणजे उशिरा आणि अपुरं. हात थरथरतात, छाती धडधडते, मूल रात्रभर चुळबुळत राहतं. लहान मुलाला स्पेसर आणता येत असेल तर सिरपाला फारसं कारण उरत नाही. पंपाची सवय लागते हेही खरं नाही. तो पुन्हा पुन्हा लागतो कारण सूज उतरलेली नाही.

डेरिफायलिन या दम्याच्या गोळीची गोष्ट याहून गंभीर. त्यातल्या थिओफायलिनची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडं आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक सुरू केली की रक्तातलं थिओफायलिन वाढतं. बिडी सोडली तरी वाढतं, कारण धूर ते शरीरातून लवकर बाहेर काढत होता. म्हणून बिडी सोडताना डॉक्टरांना सांगून मात्रा बदलून घ्या. मळमळ, उलट्या, नाडी पळणं, झोप उडणं ही पहिली लक्षणं, पुढे झटके येतात. हळूहळू सुटणारी रिटार्ड गोळी चुरून देऊ नका, दिवसभराची मात्रा एकदम सुटते. दुकानातून मनानं चार गोळ्या आणून खाण्यासारखं हे औषध नव्हे.

वाफेचं मशीन, म्हणजे नेब्युलायझर, आता घरोघरी आलंय. शांत बसून स्पेसरमधून एकेक करून ४ ते १० पफ घेतले तर बहुतेक अटॅकमध्ये तेवढाच उपयोग होतो, आणि स्पेसरला वीज लागत नाही. तरी मशीन असेल तर तीन गोष्टी पाळा. साल्ब्युटामॉलची २.५ मिलिग्रॅमची रेस्प्यूल, म्हणजे एका वेळेच्या औषधाची छोटी प्लास्टिकची कुपी, तयार असते, तिच्यातलं औषध तसंच घालायचं. पण बाटलीतलं ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं द्रावण तीव्र असतं. त्यातलं अर्धा मिलिलिटर म्हणजे एका रेस्प्यूलएवढं औषध, आणि ते सलाइन घालून ३-४ मिलिलिटर करायचं. दोन्हींची गफलत झाली तर मात्रा कित्येक पट चुकते. दुसरं, पातळ करायला निर्जंतुक सलाइनच हवं, नळाचं किंवा उकळलेलं पाणी चालत नाही. साध्या पाण्याच्या वाफेनं नलिका आणखी आवळतात. तिसरं, मशीनमध्ये घालायच्या ड्युओलिन या जोडऔषधात इप्राट्रोपियम असतं. मास्क सैल असला तर त्याची वाफ डोळ्यांत जाते आणि काचबिंदूचा त्रास एकाएकी उफाळू शकतो. अशा रुग्णाला मास्कऐवजी तोंडात धरायची नळी द्या. साधारण दहा मिनिटांत फुरफुर आवाज आला की बंद करा. कप धुऊन हवेवर वाळवा.

आता दुष्परिणाम. दोन-चार पफनंतर बोटं थरथरणं, थोडी धडधड, कधी पोटऱ्यांत गोळा, हे अर्ध्या-एक तासात उतरतं. जास्त मात्रेत रक्तातलं पोटॅशियम घटतं, विशेषतः लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांत. मधुमेह असेल तर साखर वर जाते. पण खरा सापळा वेगळाच आहे. हाताच्या थरथरीसाठी किंवा धडधडीसाठी कुणी प्रोप्रानोलॉल सुचवतं. ते साल्ब्युटामॉलचं काम नेमकं उलटवतं आणि दम्याच्या माणसाला जिवावरचा अटॅक आणू शकतं. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबही तेच करतात, डोळ्यांत घातले तरी. डोळ्यांच्या डॉक्टरांना दमा आहे हे न विचारता सांगा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अॅस्पिरिन यांनीही काही दमेकऱ्यांना अटॅक येतो. पूर्वी एकदा आला असेल तर ती कायमची बंद, तापाला बहुधा पॅरासिटामॉल चालतं. गरोदरपणात पंप बंद करू नका. दम्यानं आईला प्राणवायू कमी पडणं हे बाळासाठी औषधापेक्षा जास्त घातक आहे.

अटॅक आला तर माणसाला ताठ बसवा, आडवं करू नका. स्पेसरमधून एकेक करून ४ पफ, प्रत्येक पफवर ४ श्वास. चार मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा ४, आणि त्याच वेळी १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत दर चार मिनिटांनी ४ पफ चालू ठेवा. एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील, माणूस गुंगत असेल, किंवा आधीची घरघर अचानक ऐकू येईनाशी झाली आणि श्वास मात्र तसाच कष्टानं चाललाय, तर पहिल्या पफबरोबरच फोन लावा. घरघर थांबणं हे बरं वाटण्याचं लक्षण मानून लोक निवांत होतात. त्याचा अर्थ हवा आत-बाहेर होतच नाही असाही असतो. बोटाच्या ऑक्सिमीटरवर ९२ च्या खाली आकडा गंभीर, पण ९६ दिसलं म्हणून धोका नाही असं मानू नका. सुरुवातीला आकडा चांगलाच असतो. जुन्या सीओपीडीच्या रुग्णाला घरच्या सिलिंडरनं भरमसाट ऑक्सिजन देऊ नका, त्यांच्यासाठी ८८ ते ९२ पुरे. पफ दिल्यावर बरं वाटलं पण तीन-चार तासांतच पुन्हा धाप लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि पूर्वी दमा नसलेल्या, हृदयाचा त्रास असलेल्या वयस्क माणसाला रात्री एकाएकी धाप लागली, पायांवर सूज असली, तर शेजारच्याचा पंप मारून वेळ घालवू नका. तो हृदयाचा त्रास असू शकतो.

ग्वाल्हेरच्या हवेचं थोडं वेगळं सांगायला हवं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी जास्त तापतं. पंप ३० अंशांखाली ठेवायचा असतो. दाबाची डबी आहे, तापली तर मात्रा बिघडते आणि फुटूही शकते. फ्रिजही नको. आतल्या खोलीतलं कपाट बरं. जानेवारीच्या पहाटे उलट अडचण: गारठलेल्या डबीतून फवारा अशक्त येतो. डबी बाहेर काढून दोन-तीन मिनिटं तळहातात धरा, मग वापरा. थंडीत बंद खोलीत सिगडी पेटवून दम्याच्या माणसाला ऊब देणं म्हणजे त्याला धूर पाजणं आहे. १९०५ पासून भरणारी आपली मेळ्याची जत्रा ऐन थंडीत असते आणि मैदानात धूळ असते. चालण्यानं ज्यांना दम लागतो त्यांनी डॉक्टरांनी सांगितलं असल्यास निघण्याआधी १०-१५ मिनिटं दोन पफ घ्यावेत, नाकावर मफलर घ्यावा, आणि पंप स्वतःच्या खिशात ठेवावा, पार्किंगमधल्या गाडीत नव्हे.

आणि शरद पौर्णिमा. खिरीतून दम्याचं औषध देण्याची प्रथा या भागात जुनी आहे आणि आपल्या मराठी घरांतूनही लोक श्रद्धेनं जातात. जायचं तर जा, पण रोजचा पंप त्या दिवशी आणि त्यानंतरही बंद करायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. रात्रभर दवात, उघड्यावर जागणं हेच दम्याला पुरेसं निमित्त आहे. स्वेटर, कानटोपी आणि तातडीचा पंप बरोबर हवा. बिननावाच्या पुड्या घेऊ नका. दम्याच्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, म्हणून तर दोन दिवसांत चमत्कारासारखा आराम पडतो. महिनोन्‌महिने पुडी खाल्लेली असेल तर ती एकदम थांबवणंही धोक्याचं, कारण शरीरानं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, किती दिवस आणि दिवसातून किती वेळा घेतली ते सांगा, आणि ती हळूहळू कशी उतरवायची ते त्यांच्याकडून लिहून घ्या.